टॉकीजमधला वजनकाटा

२४ ऑक्टोबर

लातूर-नांदेडच्या सत्तरी ओलांडलेल्या माझ्या बंधूंनो, तुमची-माझी तक्रार एकच आहे. घरात आपल्याला कुणी कशाला हात लावू देत नाही. पंखा पुसायला स्टुलावर चढलो की सून ओरडते. नळाचं वायसर बदलायला घेतलं की मुलगा प्लंबरला फोन लावतो. ज्या हातांनी आपण संसार उभे केले, त्या हातांनी आता फक्त वेळेवर गोळ्या घ्यायच्या! हा अन्याय आहे, आणि मी, मन्मथ उटगे, मराठीचा निवृत्त प्राध्यापक, तो आजपासून सहन करणार नाही.

(इथं टाळ्या येतात. वाचनालयाचं सभागृह दिवाळीपर्यंत कपड्यांच्या सेलला दिलं आहे, म्हणून हे वहीला ऐकवतोय.)

झालं असं. काल खंडेनवमीला शिवम्मानं घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. शिलाई मशीन, मिक्सर, माझी स्कूटर, आणि मागच्या खोलीतला तिच्या वडिलांचा वजनकाटा. माझे सासरे चन्नबसप्पा यांची लातुरात टॉकीज होती. तिच्या दारात हा काटा उभा असे. माणसाएवढा उंच, वर गोल काच, पोटात नाण्याची फट. वर उभं राहून चार आणे टाकले की दिवे लुकलुकायचे, आतलं चाक फिरायचं आणि खाली जाड तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. टॉकीज पडली, तिथं कॉम्प्लेक्स झालं, काटा आमच्याकडे आला. अंगभर राखाडी ऑइलपेंट, त्यामुळे लांबून सरकारी कपाटच वाटतो.

शिवम्मा दरवर्षी त्याच्या पोटावर ओल्या विभूतीची तीन बोटं ओढते. मी दरवर्षी त्याला अंधश्रद्धा म्हणतो. आज विभूती पुसताना दिसलं की बरोबर त्या तीन पट्ट्यांवर राखाडी रंगाला तडे जाऊन पापुद्रे सुटलेत, आणि खालून लालभडक रंग डोकावतोय. म्हणजे दिसलं आधी शिवम्माला, पण त्याचा अर्थ मी लावला. आत मूळ रंगकाम शाबूत आहे! ते उघडं करायचं आणि काटा वाचनालयात मांडायचा. काम मी स्वतः करणार.

२६ ऑक्टोबर

थिनरची बाटली, पॉलिश पेपर आणि जुनं बनियन घेऊन बसलो. शहाण्या माणसासारखी सुरुवात खालच्या उजव्या कोपऱ्यातून केली, चुकलं तर कुणाला दिसू नये म्हणून. राखाडी रंग भराभर निघाला. त्याच्या मागोमाग लालही निघाला. बनियनला काहीतरी काळं लागलं, जुना मळ असावा. पाच मिनिटांत तळहाताएवढा पत्रा आरशासारखा चकाकू लागला.

शिवम्मा दारात येऊन उभी राहिली. आधी पत्रा बघितला, मग माझ्या हातातलं बनियन.

"अवं भाषणवाले," ती म्हणाली, "एकदा जिभेनं पुसलात, आता थिनरनं पुसून राहिलात का?"

हे तिनं का म्हटलं ते वहीत लिहायलाच हवं, कारण वहीशी खोटं बोलायचं तर वही ठेवायची कशाला. १९८४ साली मी याच टॉकीजसमोर, जावई असून, या काट्याविरुद्ध भाषण केलं होतं. 'चार आण्यांत भविष्य विकणारी पेटी!' असं म्हणालो होतो. तीनशे माणसं तरी होती. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी काट्याची तिकिटं बंद केली आणि जावई पुन्हा दारात येऊन ओरडू नये म्हणून सगळा काटा राखाडी रंगवून घेतला. चाळीस वर्षं मी हा प्रसंग माझ्या विजयांमध्ये मोजत आलो. काट्यावर चित्र होतं खरं. कसलं होतं ते मी पाहिलं नव्हतं. माझं सगळं लक्ष तिकिटावर.

२८ ऑक्टोबर

योगायोग असावा तर असा! आज नांदेडहून एका बाईंचा फोन आला. नाव शबाना, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. वडील जलीलभाई, वय चौऱ्याऐंशी. नांदेड-लातूरच्या दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाचे बॅनर रंगवण्यात आयुष्य गेलं. आता काचबिंदू. नजर चारी बाजूंनी आकसत चालली आहे. डॉक्टर म्हणतात, उरलेली नजर किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही.

"सर, नजर आहे तोवर अब्बांना त्यांचं एक तरी काम दाखवायचंय," त्या म्हणाल्या. "तीन महिने शोधून राहिले. नायगावपासून सगळी दुकानं फिरले. जिथं तिथं फ्लेक्स. जुन्या पाट्या भंगारात गेल्या. अब्बा म्हणतात, लातूरच्या टॉकीजचा काटा मीच रंगवलो होतो. तो तुमच्याकडे आहे म्हणे?"

माझ्या अंगावर काटा आला. हजारो घरं सोडून हा फोन माझ्याच घरी यावा! कालच शिवम्मा माझ्या फोनवरून तासभर नांदेडला बोलत होती, कुणाला तरी हळदीचा भाव विचारत होती. तेव्हा शबानाबाईंनी फोन केला असता तर लागलाच नसता. थोडक्यात वाचलो.

थिनरचं काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

५ नोव्हेंबर

शबाना आली. (मला अहो-जाहो नको म्हणाली.) पाठीवर सॅक, त्यात कापूस, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, टॉर्च, मास्क. आल्या आल्या चहाही घेतला नाही. कोपरा पाहिला आणि विचारलं, "सर, पुसलेलं फडकं फेकून दिलं का?"

शिवम्मानं ते बनियन कागदात गुंडाळून जपून ठेवलं होतं! मला वाटलं, माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून. शबानानं ते उजेडात धरलं.

"हा मळ नाही. काळा इनॅमल आहे. इथं काहीतरी लिहिलेलं होतं."

"काय लिहिलेलं होतं?"

"ते आता बनियनला माहीत, सर."

मग तिनं मला समोर बसवलं आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना समजावतात तसं समजावलं. थिनरला जुना रंग आणि नवा रंग यांतला फरक कळत नाही. पॉलिश पेपर तर लावायचाच नाही. जुन्या रंगात शिसं असतं, घासलं की त्याची धूळ नाकात जाते. आधी कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढायची. मग जिथं कुणाची नजर जाणार नाही अशी बोटाच्या पेराएवढी जागा निवडायची आणि तिथं सगळ्यात सौम्य वस्तू लावून बघायची. घासायचं नाही. काडीला गुंडाळलेला कापूस पोळीच्या लाटण्यासारखा नुसता फिरवायचा. कापसाला खालचा रंग लागला की थांबायचं. वाळू द्यायचं. दुसऱ्या दिवशी परत बघायचं.

"आणि सगळ्यात सौम्य वस्तू कोणती?" मी विचारलं.

"थुंकी."

शिवम्मा उभीच राहिली. "माझ्या बाबांच्या काट्याला? ज्याला मी विभूती लावते त्याला?"

"काकू, म्युझियममध्ये पण लावतात. मळ हलका सुटतो तिनं."

"म्युझियमवाल्यांना बाप न्हाईत का?"

शेवटी तडजोड झाली. थुंकीऐवजी डिस्टिल्ड वॉटर, किंचित कोमट. शबानानं काट्याच्या पाठीमागे खाली बसून काडी फिरवली. आम्ही दोघं वाकून बघत होतो. कापूस राखाडी झाला नाही. पण दहा मिनिटांनी राखाडी रंगाचा एक तुकडा अलगद, उकडलेल्या शेंगेच्या सालीसारखा उचलला गेला. खालचा लाल तसाच्या तसा, नवा कोरा!

शबाना बघतच राहिली. "असं होऊच शकत नाही. ऑइलपेंट पाण्यानं सुटत नाही."

"विभूती ओलीच लावते मी," शिवम्मा म्हणाली. "दरसाल."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मीही हसलो.

कामाची वाटणी झाली. रोज एक तास शिवम्मा काडी फिरवणार, शबाना व्हिडिओ कॉलवर बघणार, रविवारी स्वतः येणार. मला विचारलं, काट्याच्या उद्घाटनाचं भाषण मी लिहीन का. मी म्हटलं, माझ्याशिवाय कोण लिहिणार! "मग सर, तुम्ही वरच्या खोलीत बसा. मोठ्यानं वाचून बघा, म्हणजे आम्हाला खाली ऐकू येईल." माझ्या वाणीची अशी कदर बऱ्याच वर्षांनी झाली. धूळ येऊ नये म्हणून शिवम्मानं खोलीला बाहेरून कडीसुद्धा लावली.

८ नोव्हेंबर

भाषण: अकरा पानं. काटा: वीतभर.

१४ नोव्हेंबर

दिवाळी आटोपत आली. आजची बातमी: पाणी! निळं-पांढरं कोसळतं पाणी, खाली काळे खडक. शिवम्मा म्हणते धबधबा आहे. मी म्हटलं, रजईही असू शकते, अजून अर्धंच उघडलंय. तिनं मला कापूस गुंडाळायला बसवलं. दिवसाला दीडशे काड्या मी करतो. मी नसतो तर हे काम केव्हाच थांबलं असतं.

१९ नोव्हेंबर

'वजन' हा शब्द उघडा झाला. मराठीत, पिवळ्या रंगात, काळी सावली दिलेला. काय अक्षर आहे! 'व'चं पोट असं भरलेलं की हात फिरवावासा वाटतो. (फिरवला नाही. शिवम्मा बघत होती.) त्याच्या खाली उर्दू ओळ आणि त्याच्याखाली कानडी. उदगीर-निलंग्याकडून सिनेमाला येणाऱ्यांसाठी असणार. या काट्यानं कुणालाच 'तुझी भाषा कोणती' असं विचारलं नव्हतं. तिन्ही भाषांतल्या माणसांचं वजन करून मोकळा होत होता. आणि मी त्याच्याविरुद्ध तीनशे माणसं उभी केली.

तिकिटावरच्या भविष्याबद्दल माझं मत आजही तेच आहे. तो भंपकपणाच होता. पण भंपकपणा तिकिटात होता, रंगात नव्हता. एवढा साधा फरक मला तेव्हा करता आला नाही. थिनरलाही करता येत नाही.

२० नोव्हेंबर

संध्याकाळी शेंगा फोडत बसलो होतो. मी विचारलं, "तेव्हा हा राखाडी रंग कुणी मारला गं?"

"ज्यानं चित्र काढलं त्यानंच."

"का? दुसरा पेंटर नव्हता?"

"लई होते. बाबांनी तिघांना बोलावलं. कुणी तयार होईना. म्हणले, जलीलच्या कामावर आम्ही ब्रश फिरवणार न्हाई. मग जलीलभाईच आले. दोन दिवस लागले त्यांना. मी चहा देत होते."

"तू हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुमी कधी इचारलं न्हाई. तुमी बोलत होता."

आज भाषण लिहिलं नाही.

२५ नोव्हेंबर

सकाळच्या बसनं नांदेडला गेलो. शबानाला सांगितलं होतं, शिवम्माला नाही. (तिनं डब्यात दशम्या कशा काय भरून ठेवल्या होत्या, ते कळलं नाही.)

जलीलभाई खिडकीशी खुर्चीवर होते. सडपातळ, पांढरी दाढी, बोटं अजून लांबसडक. माझ्याकडे थेट बघायला त्यांना मान फिरवून मला आपल्या उरलेल्या नजरेत आणावं लागलं. मी वाटेत चार वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आठवेना.

"जलीलभाई, मी मन्मथ उटगे. चौऱ्याऐंशी साली टॉकीजपुढं भाषण करणारा तो मी."

"मालूम हाय की! मी ऐकलो ना तुमचं भाषण. पुढंच उभा होतो. टाळ्या पण वाजवलो."

"तुमच्याच कामाविरुद्ध होतं ते."

"भाषण झकास होतं, मास्तर! काम काम आहे, भाषण भाषण." आणि ते खुर्ची हलेल इतके हसले. "दुसऱ्या दिवशी सावकार, तुमचे सासरे, म्हणले, जलील, पुसून टाक. मी म्हणलो, पुसत न्हाई, झाकतो. राखाडी लावायच्या आधी सगळ्या काट्यावर डिंकाचं पाणी फिरवलो. दोन हात. वाळू दिलो. त्याच्यावर ऑइलपेंट. डिंक मधी असला की वरचा रंग खालच्याला धरतच न्हाई. म्हणलो, हा भाषणवाला जवान हाय, पाच-सहा सालात थंडा होईल. मग ओलं फडकं घेऊन जाऊ, दोन तासात सगळं खोलू." ते माझ्याकडे मान फिरवून बघत राहिले. "पण तुमी थंडेच होईनात, मियाँ!"

शबाना ओठ चावून हसत होती. पाण्यानं रंग का सुटतो ते तिला आता कळलं होतं. मलाही हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी. मला वाटलं, हीच वेळ आहे, आता नाही सांगितलं तर कधीच नाही. सांगून टाकलं. थिनर, पॉलिश पेपर, बनियन, तळहाताएवढा पत्रा.

"कोणता कोपरा?"

"खालचा उजवा."

शबानाचं हसू थांबलं. तिनं कप उचलले, परत ठेवले.

"तिथं काय होतं, जलीलभाई?"

"काय खास न्हाई," ते म्हणाले. "माझं नाव."

मग त्यांनीच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "चहा घ्या. थंडा झाला. तुमच्या आधी तो झाला."

परतीच्या बसमध्ये दशम्या तशाच राहिल्या.

३० नोव्हेंबर

काटा पूर्ण उघडला. उघड्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून शबानानं त्या कोपऱ्यावर मेणाचा पातळ हात दिला. आत काही बिघडलंय, चाक फिरत नाही. दुरुस्त करायचं नाही असं दोघींनी ठरवलं. मला विचारलं. मी हो म्हटलं. मला विचारलं, हे महत्त्वाचं.

भाषण: त्रेचाळीस पानं. आणि दुकानातून आणलेली काळ्या इनॅमलची छोटी डबी, एक बारीक ब्रश. हे दोन्ही लपवून ठेवलंय. मनात एक बेत आहे.

३ डिसेंबर

जलीलभाई आले. दुपारी, उजेड सगळ्यात चांगला असतो तेव्हा. शिवम्मानं काटा खोलीतून अंगणाच्या दारात आणवून ठेवला होता. त्यांना आत यायला मी हात दिला, तो त्यांनी घेतला.

शबाना टॉर्च घेऊन तयार होती. त्यांनी ती नको म्हटली. काट्याच्या अगदी जवळ गेले, नाक टेकेल इतके. आणि वरून खाली, एकेक वीत, असं वाचायला लागले. त्यांच्या नजरेत एका वेळी ताटलीएवढंच मावतं. म्हणून ते चित्र पाहत नव्हते, चित्रातून चालत होते. वरचा गोल, त्याभोवतीची वेल, पिवळी अक्षरं, उर्दू ओळ. उर्दू ओळीपाशी थांबून त्यांनी 'च्च' केलं. "हा नुक्ता, टिंब हो, वाकडा मारलो. तेव्हा बी खटकला होता." पुढं कानडी, मग धबधबा.

धबधब्यापाशी ते किती वेळ थांबले, मोजलं नाही. मी बोललो नाही ही शिवम्माच्या मते आजची दुसरी मोठी घटना.

"सहस्रकुंड," ते म्हणाले. "इस्लापूरचं."

"हुबेहूब आहे अब्बा," शबाना म्हणाली.

"काय हुबेहूब! मी बघितलोच नव्हतो." त्यांचे खांदे हसण्यानं हलायला लागले. "तिकडचा एक पंढरी होता, टॉकीजमधी गेटवर. तो रोज सांगायचा, पाणी असं पडतं, तसं पडतं, बोलता बोलता हात असे करायचा. मी पंढरीचे हात बघून काढलो. धबधबा अजून बघायचाच हाय!"

"पाणी असेल आता," शिवम्मा म्हणाली. "चला की. मी पण न्हाई बघितला. चाळीस साल झाले, हे म्हणतात नेतो, नेतो."

शबाना लगेच गाडीचं बघायला लागली. पुढचा रविवार ठरला. हे सगळं मला वगळून आणि मला धरून, दोन्ही.

मग त्यांची बोटं खाली गेली. उजव्या कोपऱ्यात, मेण लावलेल्या गार पत्र्यावर थांबली. मी डबी उघडली, ब्रश त्यांच्या हाताशी नेला. "जलीलभाई, नाव परत घाला. शबाना हात धरेल. थरथरलं तरी चालेल."

त्यांनी ब्रश हातात घेतला, केसांवरून अंगठा फिरवला, चांगला आहे म्हणाले, आणि परत दिला.

"नक्को, मास्तर. त्या वेळचं नाव गेलं. आता लिहिलं तर ते आजचं होईल, चित्र त्या वेळचं. झूट दिसेल."

"मग कुणाला कसं कळणार हे कुणी केलं?"

"तुमी हाव ना! चाळीस साल आवाज सांभाळून ठेवला, कशाला? कुणी इचारलं हा कोपरा असा का, तर सांगा. कुणी काढलं ते सांगा. कुणी घालवलं ते बी सांगा."

"दोन्ही सांगणार," मी म्हटलं.

"आणि छोटं बोला," शिवम्मा म्हणाली.

उद्या संध्याकाळी वाचनालयात काटा मांडायचा आहे. जलीलभाई आज इथंच राहिलेत. खाली शिवम्मा त्यांना तिच्या वडिलांच्या गोष्टी सांगते आहे आणि ते तिला, वडिलांनी पोरीपासून लपवलेल्या. हसण्याचे आवाज वरपर्यंत येतात. दाराला कडी नाही. त्रेचाळीस पानं मी कपाटात ठेवून दिली. उद्या कोपऱ्यापाशी उभा राहून जे झालं ते दोन मिनिटांत सांगेन आणि मग एवढंच बोलेन:

बंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या दुकानात, गोदामात, माळ्यावर, फ्लेक्सच्या मागे कुठंतरी हातानं रंगवलेली एक जुनी पाटी असेल. आज जेवायच्या आधी तिच्यासमोर जा. फडकं नेऊ नका, पाणी नेऊ नका, थिनर तर नाहीच नाही. पेन आणि कागद न्या. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव असेल, ते जसंच्या तसं उतरवून घ्या आणि उद्या इथं आणून द्या. वही मी टेबलावर ठेवली आहे. पहिलं नाव लिहून झालंय: पेंटर जलील, नांदेड. दुसरं तुम्ही आणा.